किती वॉटचा घेऊ?

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘निर्णय’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पुण्याजवळच्या भोसरीतले गाळे आले. तिथल्या मालकांचे निर्णय कुठं छापून येत नाहीत. पाच-सात यंत्रं, दहा-पंधरा कामगार, बँकेचा हप्ता आणि वरच्या मोठ्या कंपनीची दर महिन्याला बदलणारी मागणी यांच्या मधोमध तो माणूस उभा असतो. त्याला यंत्र घ्यायचं असतं आणि ते चुकीचं निघालं तर पुढची चार-पाच वर्षं त्या हप्त्याखाली काढायची असतात. अशी कोणती खरेदी सध्या जास्त चालली आहे, याची भोसरी, तळवडे आणि चाकणच्या पट्ट्यात चौकशी केली, तेव्हा उत्तर एकच येत गेलं: लेझर. सुट्या भागावर नंबर कोरायला लेझर, साच्यावरची घाण काढायला लेझर, वेल्डिंगआधी गंज घालवायला लेझर. आणि मालकांच्या तोंडी प्रश्नही एकच होता, “किती वॉटचा घेऊ?”

या प्रश्नाचा पाठलाग करत मी गाळ्यांतून, डेमो रूममधून आणि सराफ बाजाराजवळच्या हॉलमार्किंग केंद्रातून फिरलो. त्या फिरण्यातून झालेलं माझं मत आधीच सांगतो. हा प्रश्न विचारायला हवा, पण तो सगळ्यात शेवटी. त्याआधी विचारायचे चार प्रश्न बरेच जण विचारत नाहीत, आणि पैसे तिथंच बुडतात.

ठिपक्यांचा चौकोन

भोसरीतल्या एका गाळ्यात गिअरचे छोटे भाग बनतात. मालक पन्नाशीचे. पूर्वी ते हातोडी आणि नंबरच्या पंचनं खुणा मारून घेत. मग डॉट पिनचं यंत्र आलं. त्याची कडक सुई टकटक करत धातूवर ठिपके पाडते. आता वरच्या कंपनीनं प्रत्येक भागावर डेटा मॅट्रिक्स कोड मागितला आहे. डेटा मॅट्रिक्स म्हणजे काळ्या-पांढऱ्या घरांचा छोटा चौकोन. त्याच्या दोन बाजू सलग काळ्या रेषेच्या असतात, म्हणजे वाचणाऱ्या कॅमेऱ्याला दिशा कळते. आत माहितीबरोबर दुरुस्तीचं गणितही भरलेलं असतं. त्यामुळे कोडचा काही भाग खरवडला गेला तरी उरलेल्या भागावरून मजकूर पुन्हा उभा करता येतो.

ही मागणी कंपनीची हौस नाही. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकात मालाचा माग लागला पाहिजे, अशी स्पष्ट अपेक्षा आहे. एखाद्या दिवशीच्या उष्णता-प्रक्रियेत दोष निघाला तर त्या दिवसाचे भाग कोणत्या गाड्यांत गेले, हे शोधता यायला हवं. माग नसेल तर हजारो गाड्या परत बोलवाव्या लागतात. माग असेल तर तेवढ्याच मोजक्या गाड्या बोलवून भागतं. गाळ्यातल्या त्या चार-पाच मिलीमीटरच्या चौकोनावर एवढा भार आहे.

“आमच्याकडं खूण दिसते की नाही, हे बघत नाहीत,” मालक म्हणाले. “स्कॅनर ग्रेड देतो. ए, बी, सी. सी-च्या खाली गेलं की माल परत.” पुढचं सगळं समजून घ्यायची किल्ली याच वाक्यात आहे. माणसाच्या डोळ्याला ठळक वाटणारी खूण कॅमेऱ्याला फिकी वाटू शकते. चकचकीत पृष्ठभागावर प्रकाश उसळतो, आणि ओतीव भागाच्या खडबडीत पृष्ठभागावर घरांच्या कडा फुटतात. तेव्हा विचारायचा पहिला प्रश्न हा: खूण कोण वाचणार आहे, कधी वाचणार आहे, आणि मधल्या काळात त्या भागाचं काय काय होणार आहे? मार्किंगनंतर शॉट ब्लास्टिंग (छऱ्यांचा मारा), रंग किंवा प्लेटिंग असेल तर खोली हवी. शेवटी पेटीत भरताना मार्किंग असेल तर वरवरची, पण काळीभोर खूण पुरते. लेझर तोच असला तरी ही कामं दोन वेगळी आहेत.

काचेच्या तंतूतला किरण

मार्किंगचं यंत्र बाहेरून साधं दिसतं: एक टेबल, वर उभा खांब, त्याला एक डोकं आणि बाजूला संगणक. त्यातला खरा महागाचा भाग खालच्या कपाटात बसलेली पेटी असते. बाजारात तिला सोर्स म्हणतात. पेटीच्या आत गुंडाळी करून ठेवलेला काचेचा तंतू असतो. त्याच्या गाभ्यात यटर्बियम या मूलद्रव्याचे अणू मिसळलेले असतात. सेमीकंडक्टर डायोडचा प्रकाश तंतूत सोडला की हे अणू तो शोषतात आणि सुमारे १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही.

पहिला लेझर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून उभा केला. काचेच्या तंतूतून लेझर मिळवण्याचा प्रयोग तिथंच एलियास स्निट्झर यांनी त्यानंतर थोड्याच काळात केला. पण तंतूतून कारखान्याला पुरेल एवढी ताकद मिळायला तीन दशकं गेली. त्या वाटेवरचं मोठं नाव व्हॅलेंटिन गापोन्त्सेव्ह यांचं आहे. या रशियन भौतिकशास्त्रज्ञानं उभी केलेली आयपीजी ही कंपनी पुढं फायबर लेझरची जगातली आघाडीची उत्पादक झाली. नंतर वुहानची रेकस, शेन्झेनच्या जेपीटी आणि मॅक्स फोटॉनिक्स या चिनी कंपन्या आल्या आणि किमती एवढ्या उतरल्या की भोसरीचा गाळाही या यंत्राचा विचार करू लागला.

तंतूची कमाल अशी की त्याला आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग भरपूर मिळतो, म्हणून उष्णता सहज निघून जाते. मार्किंगच्या छोट्या सोर्सला पंखा पुरतो. आरसे जुळवायची कटकट नसते, कारण प्रकाश तंतूतूनच वाहत येतो. शिवाय किरण इतका नेटका येतो की भिंगातून तो काही शतांश मिलीमीटरच्या ठिपक्यावर उतरवता येतो. भोसरीच्या धुळीत हे तंत्र टिकलं, ते या गुणांमुळे.

वीस वॉटमधले दहा हजार वॉट

डेमो रूममध्ये कानावर पडणारा पहिला आकडा वॉटचा असतो: २०, ३०, ५०, १००. ही सरासरी शक्ती झाली. मार्किंगचा लेझर सलग जळत नाही. तो अतिशय छोट्या झटक्यांनी, म्हणजे पल्सनं, चालतो. धातूवर काय होणार, हे त्या एकेका झटक्यावर ठरतं.

हे गणित गाळ्यातल्या फळ्यावर खडूनं मांडता येतं. वीस वॉटचा सोर्स सेकंदाला वीस हजार पल्स देत असेल, तर एका पल्समध्ये एक मिलीज्युल ऊर्जा येते. ही ऊर्जा शंभर नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या एक कोटीव्या भागात, बाहेर पडते. एक मिलीज्युलला शंभर नॅनोसेकंदांनी भागा. त्या क्षणाची शक्ती दहा हजार वॉट निघते. वीस वॉटच्या पेटीतून दहा हजार वॉटचे घाव पडतात, म्हणून पोलाद उडतं. खिळ्यावर दगड नुसता ठेवला तर खिळा हलत नाही, आणि त्याहून हलक्या हातोडीचा एक घाव त्याला आत घालवतो. फरक इथं तसाच आहे.

आता त्याच यंत्रावर पल्सची संख्या दुप्पट करून सेकंदाला चाळीस हजार करा. सरासरी वीस वॉटच राहते, पण प्रत्येक पल्स अर्ध्या मिलीज्युलची होते. घाव वाढले आणि हलके झाले. खोल कोरायचं तर थोडे जोरदार घाव हवेत, गुळगुळीत काळी छटा हवी तर पुष्कळ हलके. ऑपरेटर म्हणतात, “सेटिंग सापडलं पाहिजे.” त्या सेटिंगमध्ये वॉट, पल्सची संख्या, पल्सची लांबी, किरण फिरण्याचा वेग आणि रेषांमधलं अंतर, हे सगळं येतं. म्हणून विचारायचा दुसरा प्रश्न: एका पल्समध्ये किती मिलीज्युल, आणि पल्स किती नॅनोसेकंदांची? विक्रेता याचं उत्तर चटकन देत नसेल तर त्याला आपला माल नीट ठाऊक नाही, असं समजावं.

क्यू-स्विच की मोपा

बाजारात या सोर्सची दोन घराणी आहेत. क्यू-स्विच प्रकारात पल्सची लांबी कारखान्यातच ठरलेली येते, साधारण शंभर नॅनोसेकंदांच्या आसपास. मोपा प्रकारात आधी एक छोटा लेझर हवी तशी पल्स घडवतो आणि पुढचा टप्पा तिची ताकद वाढवतो. त्यामुळे पल्सची लांबी दोन-चार नॅनोसेकंदांपासून काहीशे नॅनोसेकंदांपर्यंत बदलता येते. सेकंदाला लाखो पल्सही सोडता येतात.

मोपा महाग असतो. तो कधी घ्यायचा, हे तळवड्यातल्या एका जॉबवर्क करणाऱ्या तरुणानं मला दोन तुकडे हातात देऊन समजावलं. दोन्ही ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचे होते. एकावर क्यू-स्विचची खूण करडी-पांढरी उठली होती. दुसऱ्यावर मोपानं काळीभोर खूण उमटली होती आणि बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं. छोट्या पल्स फार वेगानं मारल्या की ॲनोडाइजचा थर फुटत नाही, त्याच्या आतच रंग बदलतो. प्लॅस्टिकच्या बटणांवरही तोच अनुभव येतो. लांब पल्सनं प्लॅस्टिक फुगतं, कडा वितळतात. छोट्या पल्सनं अक्षर स्वच्छ येतं.

पण गिअर, शाफ्ट, बेअरिंगच्या कडा अशा साध्या पोलादावर नंबर आणि कोड मारायचा असेल, तर क्यू-स्विच वर्षानुवर्षं इमानानं काम करतो. तिथं मोपासाठी जादा पैसे मोजणं म्हणजे बँकेला जादा व्याज देणं. “माझं निम्मं काम क्यू-स्विचवर चालतं, दादा,” तो तरुण म्हणाला. “मोपा मी गिऱ्हाईक बघून घेतला, फॅशन बघून नाही.”

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. त्यावर दिसणारी सुंदर काळी खूण बहुतेकदा कोरलेली नसते. पृष्ठभाग तापवून त्यावर ऑक्साइडचा थर उगवलेला असतो. उष्णता जास्त झाली तर गंजापासून वाचवणाऱ्या क्रोमियमचं पृष्ठभागावरचं संतुलन बिघडतं, आणि काही दिवसांनी नेमक्या अक्षरांवरच तांबूस डाग उठतात. शस्त्रक्रियेची हत्यारं आणि अन्नप्रक्रियेचे भाग बनवणाऱ्यांनी म्हणूनच खूण केलेला तुकडा प्रत्यक्ष धुण्या-उकळण्याच्या चक्रातून काढावा आणि मगच सेटिंग पक्कं करावं.

काही ठिकाणी फायबर लेझर घ्यायचाच नसतो. लाकूड, काच, पारदर्शक ॲक्रिलिक यांच्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश आरपार जातो किंवा त्यांच्यावर नीट लागत नाही. लाकूड आणि ॲक्रिलिकला कार्बन डायऑक्साइडचा लेझर लागतो. नाजूक प्लॅस्टिक आणि काचेला ३५५ नॅनोमीटरचा अतिनील लेझर लागतो. प्रामाणिक विक्रेता हे स्वतःहून सांगतो.

भिंगाचा हिशेब

तिसरा प्रश्न भिंगाचा, आणि तो सर्वांत दुर्लक्षित. यंत्राच्या डोक्यात दोन छोटे आरसे विजेच्या वेगानं हलतात. त्यांना गॅल्व्हो म्हणतात. त्यांच्याखाली सपाट क्षेत्रावर किरण उतरवणारं भिंग असतं. १६० मिलीमीटर केंद्रांतराच्या भिंगाला साधारण ११० मिलीमीटर लांबी-रुंदीचं क्षेत्र मिळतं, २५४ च्या भिंगाला साधारण १७५ चं. मालकांना मोठं क्षेत्र हवं असतं, म्हणजे एका वेळी ट्रेभर भाग मांडता येतात.

पण केंद्रांतर वाढलं की ठिपकाही मोठा होतो. १६० च्या भिंगाखाली ४० मायक्रॉनचा ठिपका पडत असेल, तर २५४ च्या भिंगाखाली तो सुमारे ६४ मायक्रॉनचा होतो. क्षेत्रफळ अडीच पट झालं, म्हणजे तीच पल्स अडीच पट जागेवर पसरली. वीस वॉटचं यंत्र अचानक कमजोर वाटू लागतं ते यामुळे. पुष्कळ मालक अशा वेळी पन्नास वॉटचा सोर्स मागतात, आणि छोटं भिंग व नीट जिग-फिक्स्चर यांनी तेच काम कमी पैशांत झालं असतं.

एका गाळ्यात मी घड्याळ लावून काम पाहिलं. कोड मारायला लागणारा वेळ भाग उचलणं, पुसणं, बसवणं आणि काढणं यांच्या वेळेपेक्षा कमी होता. अशा ठिकाणी वॉट दुप्पट केले तरी दिवसाचा माल फारसा वाढत नाही. दोन घरांचं फिरतं टेबल केलं, एकीकडं मार्किंग आणि दुसरीकडं भरणं, तर मात्र वाढतो. यंत्रावर काम करणाऱ्या मुलीनं हे मालकांच्या आधी ओळखलं होतं. “सर, लेझर थांबत नाही, माझे हात थांबतात,” ती म्हणाली. अशा माणसाला डेमोला सोबत न्यावं. यंत्राशी आठ तास तिलाच राहायचं असतं.

सोन्यावरची सहा अक्षरं

लेझरची एक खूण आपल्यापैकी अनेकांच्या अंगावर आहे. १ जुलै २०२१ पासून हॉलमार्क केलेल्या सोन्याच्या दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा वेगळा क्रमांक येऊ लागला. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक अशा तीन खुणा दागिन्यावर असतात. बीआयएस केअर या ॲपमध्ये क्रमांक टाकला की दागिन्याची नोंद समोर येते.

सोनं या लेझरला अवघड जातं. १०६४ नॅनोमीटरचा बहुतांश प्रकाश ते परत फेकतं. तांबं, पितळ आणि चांदीचीही तीच तऱ्हा. परत उसळलेला प्रकाश त्याच वाटेनं तंतूत शिरला तर सोर्सच्या आतले भाग जळू शकतात. म्हणून किरण बाहेर पडतो तिथं आयसोलेटर बसवतात. तो प्रकाशाला पुढं जाऊ देतो, मागं येऊ देत नाही. तांब्या-पितळेचं किंवा मौल्यवान धातूचं काम असणाऱ्यानं आयसोलेटर आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शिवाय दागिना वक्र, पातळ आणि आधीच चकचकीत केलेला असतो. अक्षर मिलीमीटरच्या अंशात बसवायचं आणि सोनं तर उडता कामा नये. इथं वॉटचा उपयोग जवळजवळ नाही. बारीक ठिपका, अचूक फोकस आणि स्थिर हात यांना किंमत आहे. हॉलमार्किंग केंद्रातला कारागीर प्रत्येक दागिना चिमट्यानं फिरवत पडद्यावर जागा ठरवत होता आणि मगच पायाखालचा स्विच दाबत होता.

गंज उडवणारा किरण

खुणा करणारं हेच तंत्र आता सफाईला वापरलं जातं. त्याचं मूळ कारखान्यात नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन ॲस्मस हे अमेरिकन शास्त्रज्ञ व्हेनिसमध्ये शिल्पांच्या होलोग्राफीसाठी माणकाचा लेझर घेऊन गेले. संगमरवरावरचा काजळीचा काळा थर त्या किरणानं उडतो आणि खालचा पांढरा दगड शाबूत राहतो, हे तिथं दिसलं. काळा थर प्रकाश शोषतो, पांढरा दगड परत फेकतो. थर संपला की काम आपोआप थांबतं.

गंजाचंही तसंच आहे. गंज उघड्या पोलादापेक्षा जास्त प्रकाश शोषतो आणि कमी ऊर्जेत सुटतो. या दोन मर्यादांच्या मध्ये पल्सची ताकद ठेवली की गंज उडतो आणि पोलाद राहतं. चाकणजवळच्या एका रबर मोल्डिंगच्या कारखान्यात मी हे पाहिलं. साच्याच्या बारीक नक्षीत रबराची काजळी बसते. पूर्वी साचा थंड करून उतरवायचा, तारेच्या ब्रशनं किंवा रसायनानं साफ करायचा, पुन्हा चढवून तापवायचा. प्रत्येक घासणीत कडा थोड्या झिजायच्या. लेझरनं साचा जागेवर, गरम असतानाच साफ होतो आणि नक्षी झिजत नाही. तिथल्या फोरमननी उत्पादन किती वाढलं हे न सांगता साच्याच्या कडेवर बोट ठेवून मला ती धार दाखवली.

पण खरेदीची सगळ्यात मोठी फसगतही सफाईच्याच यंत्रात होते. बाजारात हातात धरायची १५०० आणि २००० वॉटची सलग किरणाची यंत्रं मिळतात. बऱ्याच वेळा वेल्डिंग, कटिंग आणि सफाई अशी तिन्ही कामं एकाच बंदुकीत असतात. त्यांची किंमत अनेकदा २०० वॉटच्या पल्स यंत्रापेक्षाही कमी असते. मालकाला वाटतं, जास्त वॉट आणि कमी पैसे, म्हणजे फायद्याचा सौदा. मघाचं गणित आठवा. सलग किरणाचे १५०० वॉट प्रत्येक क्षणी १५०० वॉटच असतात. घाव पडत नाही, नुसती उष्णता ओतली जाते. जाड पोलादावरचा गंज किंवा जुना रंग काढायला ते चालतं आणि वेगानं चालतं. पातळ पत्रा मात्र वाकतो, पृष्ठभाग निळसर पडतो, आणि साच्याची नक्षी किंवा बेअरिंगची बसायची जागा खराब होते. नाजूक कामाला पल्स सोर्सच हवा.

पल्स सोर्समध्येही निवड आहे. शंभर वॉट म्हणजे सेकंदाला एक लाख पल्स, प्रत्येकी एक मिलीज्युलच्या, किंवा सेकंदाला वीस हजार पल्स, प्रत्येकी पाच मिलीज्युलच्या. पातळ थराला पहिला प्रकार पुरतो, घट्ट चिकटलेल्या थराला दुसरा लागतो. किरणाचा आकारही पाहावा. मार्किंगला मध्यभागी टोकदार, बारीक एकवटणारा किरण लागतो. त्याचं माप एमस्क्वेअर या आकड्यानं सांगतात, आणि तो एकच्या जितका जवळ तितका ठिपका बारीक. सफाईला असा टोकदार किरण कधी कधी धातूत बारीक खड्डे पाडतो. तिथं सगळीकडं सारखी ऊर्जा देणारा रुंद, सपाट किरण बरा. मार्किंगचा उत्तम सोर्स सफाईलाही उत्तम असतोच असं नाही. एकाच यंत्रात दोन्ही कामं भागवायचा मोह कामाचं प्रमाण पाहूनच करावा.

आणि जिथं मोठमोठे बीम, जाड गंज आणि नंतर रंगाचा जाड थर आहे, तिथं शॉट ब्लास्टिंग अजूनही पुढं आहे. ते वेगवान आहेच, शिवाय रंगाला पकड देणारा खडबडीतपणा ते तयार करतं. लेझर तसा खडबडीतपणा फारसा देत नाही.

डोळा आणि धूर

लेझरच्या जाहिरातीत ‘रसायन नाही, धूळ नाही, प्रदूषण नाही’ असं लिहिलेलं असतं. वाळूचा मारा करून सफाई करताना तिच्या धुळीनं फुप्फुसं दगडावलेले कामगार आपल्या औद्योगिक इतिहासात आहेत, त्यामुळे वाळूपासून सुटका ही मोठी गोष्ट आहे. पण उडवलेला गंज आणि रंग कुठंतरी जातोच. तो बारीक कणांचा धूर होऊन हवेत येतो. जस्ताच्या पत्र्यावर किरण मारला की जस्ताचा धूर निघतो आणि संध्याकाळी कामगाराला ताप भरू शकतो. जुन्या शेंदरी प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. क्रोमियमचे थर आणि स्टेनलेस यांच्या धुरात कर्करोगकारक क्रोमियम असू शकतं. पीव्हीसीवर तर लेझर मारूच नये, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. धूर ओढणारं फिल्टरचं यंत्र लेझरच्या किमतीतच धरलं पाहिजे.

डोळ्याचा धोका याहून क्रूर आहे. हा प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही. डोळ्याच्या पारदर्शक भागातून तो सरळ आत जातो आणि डोळ्याचं भिंग त्याला पडद्यावर एकवटतं. जखम होताना दुखत नाही. समजतं तेव्हा दृष्टीत कायमचा डाग पडलेला असतो. आयईसी ६०८२५ या मानकाप्रमाणे उघडे चालणारे असे लेझर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात येतात. त्यात चकचकीत भागावरून उसळलेला किरणही धरलेला आहे. बऱ्याच कामगारांना जागा दाखवणारा लाल ठिपका म्हणजेच लेझर असं वाटतं. तो फक्त वाटाड्या असतो. काम करणारा किरण अदृश्य असतो. वेल्डिंगची काळी काच किंवा साधा पारदर्शक गॉगल इथं चालत नाही. चष्म्यावर १०६४ नॅनोमीटर आणि त्या तरंगलांबीसाठीचा संरक्षण आकडा छापलेला असला पाहिजे. मार्किंगचं यंत्र बंद पेटीचं आणि दार उघडताच किरण थांबवणारं घ्यावं. हातातल्या सफाई यंत्राभोवती पडदा लावावा आणि पडद्याच्या आत एकही उघडा डोळा असू नये. मी पाहिलेल्या गाळ्यांपैकी काहींत चष्मा खिळ्याला टांगलेला होता आणि काहींत तो नव्हताच. हे बदललंच पाहिजे.

डेमोच्या दिवशी

चौथा प्रश्न विक्रीनंतरचा. कपाटावरचं नाव आणि आतल्या सोर्सचं नाव वेगळं असू शकतं. म्हणून कपाट उघडून सोर्सचा सिरियल नंबर पाहावा आणि तो बिलावर लिहून घ्यावा. सोर्स बिघडला तर तो पुण्यात दुरुस्त होतो की परदेशी जातो, तोवर बदली पेटी मिळते का, हे लेखी घ्यावं. डायोडचं आयुष्य एक लाख तास असल्याचं माहितीपत्रकात छापलेलं असतं. गाळ्यातलं आयुष्य अर्थिंग, विजेचा दाब आणि धूळ यांवर ठरतं. पाण्यानं थंड होणाऱ्या मोठ्या सोर्सला आपल्या पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो. चिलरचं तापमान फार खाली ठेवलं की दमट हवेतलं पाणी आतल्या काचांवर जमतं, आणि किरण सुरू होताच काच तडकते. जून ते सप्टेंबर चिलर किती अंशांवर ठेवायचा, हे विक्रेत्याकडून ऐकून भिंतीवर लावावं.

दिवसाला मोजकेच भाग असतील तर यंत्र घेऊच नये. जॉबवर्कवर द्यावं, काही महिने आकडे लिहून ठेवावेत आणि मग ठरवावं. घ्यायचंच असेल तर स्वतःचे भाग, तेलकट आणि खडबडीत जसे असतात तसेच, पिशवीत घालून डेमोला न्यावेत. विक्रेत्याचे चकचकीत नमुने पाहून काही कळत नाही. कोड आपल्या गिऱ्हाइकाच्या स्कॅनरवर वाचून घ्यावा. खूण केलेला भाग पुढच्या सगळ्या प्रक्रियांतून काढून पुन्हा वाचावा. साफ केलेला तुकडा आठवडाभर ठेवून बघावा, कापून बघावा. सेटिंगचे सगळे आकडे लिहून घ्यावेत. एवढं झालं की किती वॉट, याचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप समोर येतं, आणि ते मनात धरलेल्या आकड्यापेक्षा लहान असण्याची शक्यता बरीच असते.

तुमच्या भागावर, तुमच्या माणसासमोर ट्रायल द्यायला जो विक्रेता तयार नाही, त्याच्याकडून यंत्र घेऊ नका. आणि खरेदीची ऑर्डर लिहाल तेव्हा यंत्राच्या आधी, पहिल्या ओळीत, यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या प्रत्येकासाठी १०६४ नॅनोमीटरचा चष्मा लिहा.